सनदी सेवेतून तंत्रज्ञान कंपनीत: नस्ती बंद करण्यापासून पहिल्या सहामाहीपर्यंत

"सर, सहज भेटू या का? कॉफीला?" सहसचिव किंवा आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याला तंत्रज्ञान कंपनीकडून येणारा पहिला फोन बहुधा असाच असतो. कॉफीत गैर काही नाही. पण त्याच वेळी टेबलावर त्याच कंपनीची नस्ती (फाइल) पडलेली असेल, तर पुढे सगळं नियमात बसवूनही तो डाग पुसता येत नाही.

अशा कंपन्यांसाठी वरिष्ठ पदांची माणसं शोधणं हे माझं काम. समोर येणारे अधिकारी हुशार असतात, मेहनती असतात, फक्त क्रम उलटा लावतात. आधी पगार ठरवतात, मग राजीनामा देतात आणि नियमावली शेवटी उघडतात. हा लेख योग्य क्रमाने लिहिला आहे. तो मुख्यतः भारतीय प्रशासकीय सेवा (भाप्रसे) आणि इतर अखिल भारतीय सेवांतल्या, वीसेक वर्षं सेवा झालेल्या अधिकाऱ्यांसाठी आहे. राज्य सेवेतल्यांनी तत्त्व तेच धरावं, पण कलमं महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1982 आणि वर्तणूक नियम 1979 मधली वाचावीत.

गेल्या तीन वर्षांचा तक्ता

कुणाशीही बोलण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि चार रकाने आखा: पद व कालावधी, हाताळलेले विषय, त्यात हितसंबंध असलेल्या कंपन्या, आणि माझी सही कुठे होती.

एक ओळ नमुन्यादाखल. पद: संचालक, माहिती तंत्रज्ञान. विषय: क्लाउड सेवेची निविदा. कंपन्या: तीन निविदाकार. सही: तांत्रिक मूल्यमापन समितीचा सदस्य. अशी ओळ आली की ते तिन्ही निविदाकार यादीतून बाद. ज्याला काम मिळालं तो तर बादच, पण ज्याला मिळालं नाही तोही बाद, कारण त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे दर तुम्ही पाहिलेले आहेत. ही दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात.

तीनच वर्षं का? निवृत्तीनंतर खासगी नोकरीची परवानगी देताना सरकार जे निकष लावतं, त्यांत शेवटच्या तीन वर्षांवर बोट ठेवलेलं आहे. त्या काळात कंपनीच्या क्षेत्राशी थेट संबंध असलेली संवेदनशील किंवा धोरणात्मक माहिती तुमच्यापाशी होती का, आणि तुमच्या पदाच्या धोरणांचा कंपनीच्या हिताशी संघर्ष होतो का, हे पाहिलं जातं. शिवाय सचोटीबाबत सेवा अभिलेख स्वच्छ आहे का, कंपनीचं काम देशाची सुरक्षा किंवा परराष्ट्र संबंध यांना बाधक आहे का, आणि देऊ केलेला पगार त्या उद्योगातल्या प्रचलित पगारापेक्षा फारच जास्त आहे का, हेही तपासतात. पगाराचा निकष ऐकून लोक हसतात, पण तो शहाणपणाचा आहे. बाजारभावाच्या तिप्पट पैसे कुणी देत असेल, तर तो कशाचे देतोय हे विचारायला हवंच.

तक्ता आठवणीतून आणि पदभाराच्या अहवालांवरून करा. नस्त्यांचे फोटो काढून घरी नेऊ नका. 1923 चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीबरोबर निवृत्त होत नाही.

बोलणी कधी सुरू करायची

अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम 1968 मधला नियम 13 पुन्हा एकदा वाचा. शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय दुसरी नोकरी करण्याला तर मनाई आहेच, पण तिच्यासाठी बोलणी करण्यालाही आहे. म्हणजे सेवेत असताना पगार, पद, रुजू होण्याची तारीख यावर गुपचूप घासाघीस झाली, तर तिथेच भंग झाला.

मग व्यवहारात काय करायचं? या क्षेत्रात कामं कोणती असतात, कोणती कौशल्यं लागतात, अशी सर्वसाधारण विचारपूस करायला हरकत नाही. ज्या कंपनीची नस्ती तुमच्याकडे आहे किंवा येऊ शकते, तिच्याशी मात्र तेवढंही नको. बोलणं विशिष्ट पदावर आलं की थांबा आणि "आधी लेखी परवानगी घेतो, नाहीतर सेवेतून मोकळा होतो, मग बोलू" असं सांगा. चांगली कंपनी थांबते. जी थांबत नाही तिला तुमच्या सध्याच्या खुर्चीत रस आहे, तुमच्यात नाही.

दरम्यान त्या क्षेत्राची नस्ती समोर आलीच, तर ती दुसऱ्या अधिकाऱ्याकडे वळवण्याची लेखी विनंती वरिष्ठांना करा. तोंडी नको. दोन ओळींची टिप्पणी पाच वर्षांनी तुमच्या बाजूने उभी राहते. मुलगा, मुलगी किंवा जोडीदार आधीच त्या कंपनीत असेल, तर नियम 4 खाली ते कळवलेलं आहे ना, तेही याच वेळी तपासा.

राजीनामा की स्वेच्छानिवृत्ती

दोन्ही शब्द सैलपणे वापरले जातात, पण परिणामांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

राजीनामा दिला की मागची सेवा जप्त होते, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी ती धरली जात नाही. स्वेच्छानिवृत्तीत सेवा जमेस राहते. 1958 च्या मृत्यू-नि-सेवानिवृत्ती लाभ नियमांनुसार 30 वर्षं अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा किंवा वयाची 50 वर्षं पूर्ण झाली असतील, तर तीन महिन्यांची लेखी नोटीस आपल्या संवर्गाच्या (केडरच्या) राज्य शासनाला देऊन निवृत्त होता येतं. 20 वर्षं झाली आहेत पण पन्नाशी किंवा 30 वर्षं गाठलेली नाहीत, अशांनाही तीन महिन्यांची नोटीस देता येते, मात्र ती केंद्र सरकारने स्वीकारावी लागते. निलंबन किंवा चौकशी चालू असेल तर गाडी अडकते, म्हणून दक्षता अनापत्तीची (व्हिजिलन्स क्लिअरन्सची) स्थिती नोटीस देण्याआधीच जाणून घ्या.

सेवा 18 वर्षं झाली असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: दोन वर्षं थांबा. अपवाद एकच, स्वतःची कंपनी काढण्याची वेळ खरोखरच निघून जात असेल तर. रोमन सैनी यांनी सेवेच्या अगदी सुरुवातीला बाहेर पडून 'अनअकॅडमी' या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीच्या उभारणीत उडी घेतली. त्या टप्प्यावर गमावण्यासारखी सेवा फारशी नसते. अठराव्या वर्षी असते.

परतीच्या दाराबद्दलही भ्रम नको. राजीनामा अंमलात आल्यावर 90 दिवसांच्या आत, काही अटींवर, तो मागे घेता येतो. पण खासगी कंपनीत जाण्यासाठी दिला असेल तर ती विनंती मान्य होत नाही. परमेश्वरन अय्यर 2009 मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन जागतिक बँकेत गेले आणि 2016 मध्ये पेयजल व स्वच्छता मंत्रालयाचे सचिव म्हणून परतले. पण ती नव्याने झालेली नेमणूक होती, जुनी सेवा पुढे सुरू झाली नव्हती. अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजावीत.

एक वर्षाची अट

निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खासगी नोकरी घ्यायची तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. 'नोकरी' या शब्दाचा आवाका मोठा आहे: सल्लागारकी, संचालकपद, एवढंच काय, सरकारी अधिकाऱ्यांशी संपर्क ठेवण्याचं काम, सगळं त्यात येतं. "मी पगारी नाही, फक्त सल्लागार आहे" हा बचाव चालत नाही. परवानगी न घेता रुजू झालात, तर निवृत्तिवेतन पूर्ण किंवा काही अंशी थांबवण्याचा अधिकार सरकारला आहे.

अर्जात कंपनीचं काम, पदाचं स्वरूप, देऊ केलेले आर्थिक लाभ, कंपनीशी तुमचा आलेला शासकीय संबंध, सगळं उघड लिहा. तीन वर्षांचा तो तक्ता इथे कामी येतो. संबंध आला होता पण किरकोळ होता, असं असेल तर तो लपवू नका, "किरकोळ" म्हणून नोंदवा. ठरावीक मुदतीत नकार आला नाही तर परवानगी मिळाली असं समजण्याची तरतूद नियमात आहे, पण तिच्यावर रुजू होण्याची तारीख बेतू नका. त्रुटी काढून अर्ज परत पाठवणं कसं चालतं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतले काही अधिकारी "आम्ही जुन्या अर्थाने निवृत्तिवेतनधारकच नाही, ही अट आम्हाला कशाला?" असा मुद्दा काढतात. वकिलाला तो आवडेल. तुम्ही मात्र कार्मिक विभागाकडून लेखी उत्तर घ्या.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे वर्षभर थांबणं. अर्चना गुलाटी यांनी नीती आयोगातून 2021 मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वर्ष उलटून गेल्यावर, मे 2022 मध्ये, गूगलच्या भारतातल्या सार्वजनिक धोरण विभागाची सूत्रं घेतली. काही महिन्यांतच त्या बाहेर पडल्या, तो भाग वेगळा. मधल्या वर्षात शिकवा, लिहा, एखादा अभ्यासक्रम करा. अश्विनी वैष्णव यांनी व्हार्टनला एमबीए केलं, सेवा सोडली आणि जीई, सीमेन्स अशा कंपन्यांत काम केलं. शिक्षणामुळे पडलेला खंड कंपन्यांना खटकत नाही, उलट आवडतो.

पैशाचा हिशेब, घरासकट

सहसचिवाचं मूळ वेतन स्तर 14 मध्ये 1,44,200 रुपयांपासून सुरू होतं, सचिवाचं 2,25,000. त्याच्याशी कंपनीच्या आकड्याची तुलना केली की डोळे दिपतात. पण चर्चगेटच्या 'यशोधन' या शासकीय इमारतीतलं घर, गाडी, चालक आणि घरकामाची माणसं यांचा बाजारभाव मांडून बघा. दक्षिण मुंबईत तेवढं घर भाड्याने घ्यायचं तर पगारवाढीचा मोठा लचका तिथेच जातो. हा हिशेब जोडीदाराबरोबर बसून करा, एकट्याने नको.

दुसऱ्या बाजूला हातात येणारे पैसे लिहा. उपदान (ग्रॅच्युइटी) कमाल 25 लाख (1 जानेवारी 2024 पासूनची मर्यादा), रजेचं रोखीकरण कमाल 300 दिवसांचं. जुन्या योजनेत निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या निम्मं, त्यातल्या 40 टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण (तेवढ्या भागाचे पैसे आधीच एकरकमी घेणं) आणि ती कपात 15 वर्षांनी पूर्ववत. 1 जानेवारी 2004 नंतरच्यांना सर्वसाधारणपणे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना. मात्र 2003 च्या नागरी सेवा परीक्षेतून आलेल्यांना जुन्या योजनेचा एकदाच पर्याय मिळाला होता. तो दिला होता का, हे सेवापुस्तकात पाहा. नव्या योजनेत राजीनाम्याची शिक्षा आणखी कडक आहे: स्वेच्छानिवृत्तीत किमान 40 टक्के रकमेची वार्षिकी (नियमित उत्पन्न देणारी ॲन्युइटी) घ्यावी लागते, राजीनाम्यात किमान 80 टक्के.

निवृत्तिवेतनही करपात्रच. ते नव्या पगारात मिळवलं जातं आणि एकूण उत्पन्न 50 लाखांपुढे गेलं की अधिभार लागतो.

कंपनीत कामं कोणती

धोरण विभाग सगळ्यांना माहीत असतो. राजीव अग्रवाल उत्तर प्रदेश संवर्गात 26 वर्षं होते, नऊ जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी राहिले, केंद्रात असताना बौद्धिक संपदा धोरणावर काम केलं. मग उबर आणि 2021 मध्ये फेसबुकच्या भारतातल्या धोरण विभागाचे प्रमुख. कंपनीने त्यांची ओळख करून देताना नऊ जिल्हे आणि ते धोरण यांचा उल्लेख केला, हे लक्षात घ्या.

पण माझ्या मते अनुपालनाचं, म्हणजे कंपनी कायदे-नियम पाळते ना हे बघण्याचं काम जास्त टिकाऊ आहे. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपन्यांना मुख्य अनुपालन अधिकारी, संपर्क अधिकारी आणि तक्रार निवारण अधिकारी भारतातच नेमावे लागतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड 250 कोटींपर्यंत जातो, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. कायद्याचा मसुदा, अधिसूचना आणि प्रत्यक्ष अंमल यांतली दरी ओळखणारा माणूस इथे सोन्यासारखा. मुख्य अनुपालन अधिकाऱ्यावर व्यक्तिशः कायदेशीर जबाबदारी येते, एवढं मात्र सही करण्याआधी जाणून घ्या.

तिसरा प्रकार कारभाराचा: गोदामं, पोहोचवणी, प्रशिक्षण, शेतीतली सेवा, म्हणजे जिथे हजारो माणसं जागेवर काम करतात. निवडणूक किंवा पूर सांभाळलेल्या जिल्हाधिकाऱ्याला हे जमतं, पण अधिकारी स्वतःच तिकडे बघत नाहीत, कारण पदनाम भारदस्त नसतं.

उरलं सरकारी विक्रीचं काम. तिथे तुमच्या ओळखींसाठी बोलावतात. ओळखींना बदल्यांची कीड लागते. तीन वर्षांत तुमचे सगळे सहकारी इतर खात्यांत गेलेले असतात आणि मग कंपनीला तुमचा पगार डोळ्यांत खुपायला लागतो. भारतात लॉबिंगची नोंदणी करणारा कायदा नाही, त्यामुळे रेषा तुम्हालाच आखावी लागते आणि चुकलात तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 समोर उभाच असतो. हे काम घेऊच नका असं मी म्हणत नाही. पहिलं काम म्हणून घेऊ नका, एवढं नक्की म्हणतो.

बायोडेटा

माझ्याकडे येणाऱ्या बायोडेटात एक ओळ हमखास असते: "जिल्हाधिकारी म्हणून जिल्ह्याच्या सर्वांगीण विकासासाठी उल्लेखनीय कार्य केले व विविध योजनांची प्रभावी अंमलबजावणी केली." ही ओळ देशातल्या कुठल्याही जिल्हाधिकाऱ्याच्या नावावर खपेल, म्हणून ती काढून टाका.

तीच ओळ अशी लिहून बघा (नमुना कल्पित आहे): "पीक नुकसानीचे पंचनामे कागदावरून मोबाइलवर आणले. आधी दोन तालुक्यांत चालवून पाहिलं. डोंगरी गावांत नेटवर्क नसल्याने तलाठी पुन्हा कागदाकडे वळले, तेव्हा ऑफलाइन नोंदीची सोय होईपर्यंत कंत्राटदाराचं देयक रोखलं. तलाठी संघटनेचा विरोध होता. त्यांचे दोन प्रतिनिधी चाचणीत घेतले. त्यानंतरच पूर्ण जिल्हा."

यात अडचण आहे, निर्णय आहे, पैसा रोखण्याची हिंमत आहे आणि माणसं हाताळणं आहे. कंपनीतली पस्तिशीची व्यवस्थापक हे वाचून म्हणेल, "ह्यांना आपलं काम कळतंय." असे चार प्रसंग निवडा, प्रत्येकी पाच-सहा ओळी. पदांची यादी शेवटी, छोट्या अक्षरांत. दोन पानांच्या वर जाऊ नका. आणि गोपनीय काही लिहू नका. निविदेतले दर बायोडेटात लिहिणारा अधिकारी उद्या आमचेही कुठेतरी लिहील, असं समोरच्याला वाटतं.

मुलाखत

समोरचे लोक वयाने लहान असतील आणि नावाने हाक मारतील. "सर" नाही म्हटलं म्हणून भुवई उंचावली की ती दिसते. "शासनाने निर्णय घेतला", "मान्यता देण्यात आली" अशी उत्तरं देऊ नका. तुम्ही काय सुचवलं, कुणी विरोध केला, काय फसलं, ते सांगा. "एखादा निर्णय तुम्ही मागे घेतलात का?" हा प्रश्न जवळपास नक्की येतो. त्यावर गप्प बसणारे तिथेच मागे पडतात.

तुम्हीही विचारा: मी कुणाला उत्तरदायी? माझ्या हाताखाली किती माणसं आणि किती खर्चाचा अधिकार? वर्षअखेरीस माझं काम चांगलं झालं हे कशावरून ठरणार? या तिसऱ्या प्रश्नाला "सरकारशी संबंध सुधारले तर" असं धूसर उत्तर आलं, तर खोदून विचारा.

नेमणूकपत्र

कंपनीचे समभाग (म्हणजे ते ठरलेल्या किमतीला खरेदी करण्याचा पर्याय) मिळणार असतील, तर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे समभाग घरखर्चाच्या हिशेबात शून्य धरा. ते हातात यायला कायद्यानेच किमान एक वर्ष लागतं, सहसा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात. खरेदी करताना बाजारमूल्य आणि तुमची किंमत यांतल्या फरकावर पगारासारखा कर लागतो, समभाग विकलेले नसले तरी. नोकरी सोडल्यावर खरेदीसाठी किती दिवस मिळतील हे पत्रात पाहा. अनेकदा ते फक्त 90 असतात. स्वतंत्र संचालक म्हणून जात असाल, तर समभागांचा पर्याय कायद्यानेच मिळत नाही.

तीन कलमं आग्रहाने घालून घ्या. तुमच्या जुन्या खात्याशी संबंधित विषयांत ठरावीक काळ कंपनी तुम्हाला पुढे करणार नाही. सरकारी परवानगी न मिळाल्यास करार आपोआप रद्द होईल, दंडाशिवाय. आणि जुन्या शासकीय निर्णयांबद्दल चौकशी आली, तर तुम्हाला हजर राहायला कंपनी सुट्टी देईल. निवृत्तीनंतर सुरू होणारी विभागीय चौकशी चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेवर होऊ शकत नाही, पण फौजदारी तपासाला ती मर्यादा नाही.

पदभार सोडताना

शासकीय ईमेल, लॅपटॉप, सिमकार्ड परत करून पोच घ्या. विभागाच्या व्हॉट्सॲप गटांतून स्वतःच बाहेर पडा. यात लोक हमखास कुचराई करतात, आणि सहा महिन्यांनी मसुदा धोरण त्या गटात येऊन पडतं, तेव्हा ते कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या फोनवर पोहोचलेलं असतं. पदभार हस्तांतरणाच्या यादीत प्रलंबित नस्त्यांची स्थिती लिहा आणि प्रत ठेवा.

पहिली सहामाही

स्वीय सहायक नसतो. भेटीच्या वेळा स्वतः ठरवायच्या, सादरीकरण स्वतः करायचं, विमानाचं तिकीट ॲपवर काढायचं. हे पहिल्या महिन्यात अंगवळणी पडतं. बैठकीत कुणी तुमचं म्हणणं खोडून काढलं की आत काय होतं, ते जायला वेळ लागतो.

उत्पादन कसं बनतं ते बघायला अभियंत्यांच्या रोजच्या छोट्या बैठकीत मागच्या खुर्चीत बसा. ग्राहक तक्रार केंद्रात एक दिवस घालवा. कळत नसलेला शब्द तिथल्या तिथे विचारा. वरिष्ठाने विचारलं की इतरांनाही हायसं वाटतं, कारण निम्म्यांना तो कळलेला नसतो. लांब टिप्पणीची सवय मोडा, निर्णय काय हवा ते पहिल्या ओळीत लिहा. पण अभिप्राय लेखी ठेवण्याची सवय मात्र सोडू नका. तंत्रज्ञान कंपन्यांत निर्णय चॅटवर होतात आणि वर्षभराने कुणाला काही सापडत नाही. तुमच्या टिप्पणीची किंमत त्यांना तेव्हा कळते.

जुन्या सहकाऱ्यांना भेटायचंच झालं, तर कामाच्या वेळेत, कार्यालयात, विषय आधी लिहून आणि कंपनीच्या आणखी एका माणसाला बरोबर घेऊन. भेट झाली की तारीख, हजर व्यक्ती आणि विषय यांची ओळ नोंदवहीत. भेटवस्तू दिवाळीतही नको: कंपनी अमेरिकन असेल तर तिथला 1977 चा परदेशी लाचविरोधी कायदाही लागू होतो आणि मिठाईच्या खोक्याचाही हिशेब अंतर्गत लेखापरीक्षक मागतो. पदभार घेतलेला तुमचा उत्तराधिकारी जुन्या नस्तीबद्दल विचारायला फोन करेल, तेव्हा माहिती द्या. पण नस्तीचा तुमच्या नव्या कंपनीशी दुरूनही संबंध असेल, तर "लेखी विचारा, मी लेखी कळवतो" एवढंच सांगा.